जडवस्तूंच्या नोंदवहीत न मावणारं

मांजरा नदीच्या काठावरल्या एका ग्रामपंचायतीत परवा एक मावशी घरकुलाच्या फायलीसाठी नमुना आठचा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा घ्यायला आल्या होत्या. संगणक परिचालक पोरानं नाव टाकलं आणि पडद्यावर नोंद आली: घर क्रमांक, दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, लांबी-रुंदी, मागची थकबाकी. मग त्यानं एकदा प्रिंटरकडं बघितलं आणि ड्रॉवरमधून कोरा छापील फॉर्म काढला. "मावशी, बसा जरा. कारटेज संपलंय. लिहून देतो." मावशी भिंतीला टेकून बसल्या. "लिव्ह लेकरा. शिक्का तेवढा नीट उमटू दे, मागच्या बारीला बँकेनं माघारी धाडलं." पडद्याकडं बघत बघत त्यानं सगळी नोंद बॉलपेननं कागदावर उतरवली. ग्रामसेवकाची (२०२४ पासून हुद्दा ग्रामपंचायत अधिकारी) सही झाली, गोल शिक्का दाबून मारला, फीची पावती फाटली. दहा मिनिटांत काम झालं. कुणाची तक्रार नाही, कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही. खरं तर टोचलं ते हेच.

त्या खोलीत संगणक होता, प्रिंटर होता, इन्व्हर्टर होता, भिंतीवर इंटरनेटची पेटी होती. प्रत्येक वस्तूच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं क्रमांक टाकलेला. म्हणजे नमुना १६, जडवस्तू संग्रह नोंदवही, अगदी अद्ययावत. लेखापरीक्षक आले की वस्तू मोजता येतात, टिकमार्क करता येतो. टोनर, म्हणजे त्या कारटेजमधली शाई, मात्र नमुना १५ मध्ये जातो, उपभोग्य वस्तूंत, झाडू आणि फिनेलच्या शेजारी. ग्रामपंचायतीतल्या माहिती तंत्रज्ञानाचं निम्मं दुखणं या दोन नोंदवह्यांच्या मधल्या फटीत आहे. वस्तू घ्यायला निधी येतो, योजना येते, कधी कधी वस्तूच थेट येऊन पडते. ती चालवायला लागणारे तीनशे-चारशे रुपये कुठल्या शीर्षाखाली टाकायचे यावर मात्र मासिक सभा अडते. बैल घ्यायला कर्ज मिळतं, कडब्याला मिळत नाही, तसलाच प्रकार.

आणि पैसा नव्हताच असंही नाही. ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणाचा संग्राम प्रकल्प गुंडाळला गेल्यावर २०१६ मध्ये आपले सरकार सेवा केंद्रांचा प्रकल्प आला. त्यासाठी कित्येक वर्षं प्रत्येक केंद्रामागं महिन्याला १२,३३१ रुपये, म्हणजे वर्षाला १,४७,९७२ रुपये, वित्त आयोगाच्या निधीतून वळते होत गेले. परिचालकाचं मानधन, कागद, टोनर, देखभाल, सॉफ्टवेअर, सगळं त्यातच धरलेलं. रक्कम वर एकत्र जमा व्हायची आणि सेवा खाली यायची. मानधन महिनोन्‌महिने रखडतं आणि साहित्य वेळेवर मिळत नाही, ही ओरड तेव्हापासूनची. ग्रामसेवकानं गैरसोय टाळायला स्थानिक दुकानातून टोनर भरून आणला, तर "ज्या बाबीसाठी रक्कम आधीच अदा केली आहे त्याच बाबीवर पुन्हा खर्च" असा आक्षेप लागायची धास्ती. म्हणून तो आणत नाही. घाबरटपणा म्हणून हे सोडून देता येत नाही. पेन्शनच्या वेळी नमुना ३० मधले, म्हणजे लेखापरीक्षणाच्या नोंदवहीतले, जुने आक्षेप निघतात, हे त्यानं आपल्या वरिष्ठांच्या बाबतीत बघितलेलं असतं.

यावर साधा उपाय आहे. वर्षाच्या अंदाजपत्रकातच "संगणक चालवण्याचा खर्च" अशी वेगळी ओळ स्वनिधीतून धरायची आणि तिचा ठराव मासिक सभेत एप्रिलमध्येच घ्यायचा. त्या ओळीत काय काय धरायचं हे ठरवायला मात्र ती खोली नीट बघावी लागते. प्रिंटरपासूनच बघू. लेझर प्रिंटर आतला रोलर तापवताना काही सेकंद आठशे ते हजार वॅट ओढतो. ग्रामपंचायतीतला इन्व्हर्टर बहुतेक ८५० व्हीएचा, म्हणजे जेमतेम सातशे वॅटचा. लाइट नसताना कुणी प्रिंट दिली की इन्व्हर्टर ओरडतो, बंद पडतो आणि त्याच्यासोबत संगणकही. मग परिचालक शिकतो की लाइट नसताना छपाई करायची नाही, आणि लोक शिकतात की लाइट असेल तेव्हाच यायचं. शाईच्या टाकीचा प्रिंटर पंधरा-वीस वॅटवर चालतो, दर पानाला काही पैसेच पडतात, इन्व्हर्टरला कळतही नाही. पण तो दोन-तीन आठवडे पडून राहिला की आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात नोझल सुकतं, आणि दुरुस्तीवाला तालुक्याला. तेव्हा रोज दहा-वीस पानं निघत असतील तिथं शाईचा घ्यावा, रोज चालू ठेवावा, अगदी काम नसेल तर चाचणीचं एक पान तरी काढावं. जिथं महिन्यात चार दाखले निघतात अशा छोट्या गावाला लेझर बरा, पण त्याची वायर इन्व्हर्टरच्या बोर्डात न लावता सरळ मेनच्या प्लगमध्ये. हे कुठल्याच निविदेत लिहिलेलं नसतं. निविदेत मिनिटाला किती पानं निघतात ते लिहिलेलं असतं.

बॅटरीचंही तेच. दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी नवी असताना संगणक, पंखा आणि इंटरनेटची पेटी मिळून चार-पाच तास ओढते. पण बॅटरीचं आयुष्य पंचवीस अंशांच्या हिशोबानं सांगितलेलं असतं. त्यापुढं दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. आपलं कार्यालय पत्र्याचं, बॅटरी खिडकीखाली आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर. म्हणून पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी दोन-अडीच वर्षांत बसते आणि "कंपनी बोगस" असा निकाल लागतो. तिला उत्तरेच्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर ठेवलं, दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघितली (नळाचं नाही, बोअरच्या क्षारांनी प्लेटा जातात), तर वर्षभर तरी जास्त चालते. त्याहून दुर्लक्षित गोष्ट अर्थिंगची. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात अर्थिंग उत्तम लागतं. मार्चनंतर तीच माती भेगाळते, सळईभोवती पोकळी पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजावा. तीन व्होल्टच्या वर असेल तर संगणकाच्या डब्याला हात लावल्यावर मुंग्या येऊ शकतात, आणि मदरबोर्ड, पेटीचे पोर्ट एकेक करून जाऊ शकतात. उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओतणं ही पंचायतीच्या शिपायाच्या कामाच्या यादीत लिहिण्यासारखी गोष्ट आहे. प्यायला टँकर असताना खड्ड्यात पाणी ओतायचं म्हणजे लोक बोलणार, हेही खरं. हात धुण्याचं पाणी तिकडं वळवलं तरी भागतं.

इंटरनेटबद्दल फार लिहीत नाही. भारतनेटची तार पंचायतीपर्यंत आली, आणि रस्त्याच्या किंवा नळयोजनेच्या चरात जेसीबीनं ती तोडली की परिचालक स्वतःच्या मोबाइलच्या रिचार्जवर गाव चालवतो. तो रिचार्ज वर सांगितलेल्या ओळीत धरावा, एवढंच.

पण आतापर्यंतचं सगळं यंत्राचं झालं.

पंचायतीचं खरं धन नमुना ८ मध्ये आहे आणि ते जडवस्तूंत कुठंच मोजलं जात नाही. आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं करायची असते. ३१ डिसेंबर २०१५ च्या नियमांपासून ती भांडवली मूल्यावर होते. क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, आणि या बेरजेला वापराचा भारांक. गणित संगणक चुटकीसरशी करतो. पण घसारा ठरतो घराच्या वयावरून, आणि वय कुणाला ठाऊक नसतं. रकाना रिकामा सोडला तर सॉफ्टवेअर पुढं जाऊ देत नाही, म्हणून काही याद्यांत अख्ख्या गावाची घरं एकाच साली बांधलेली दिसतात. वाड्याचा जुना दगडी सोपा आणि चौकातलं नवं स्लॅबचं दुकान, दोघं समवयस्क. वाड्याला जास्त कर लागतो, दुकानाला कमी, आणि वसुली बसली की खापर "लोक भरत नाहीत" यावर. समजा सहाशे घरांचं गाव आहे, सरासरी घरपट्टी आठशे रुपये, आणि गेल्या आकारणीनंतर उठलेली चाळीस घरं नोंदीतच नाहीत. वर्षाला बत्तीस हजार रुपये गेले. टोनर, बॅटरी, रिचार्ज, पाणी, सगळं धरूनही इतका खर्च होत नाही. नवा संगणक मागण्याआधी दोन माणसं, एक टेप आणि छापलेली यादी घेऊन गल्लीगल्लीनं आठ दिवस फिरली, तर जुन्याच संगणकातून जास्त पैसे निघतात. ड्रोननं गावठाणाची मोजणी झालेल्या गावांत स्वामित्व योजनेचा नकाशा आणि मिळकत पत्रिका हाताशी असते. तो नकाशा आणि नमुना ८ एकमेकांसमोर ठेवून ताळा घातला की गळालेली घरं आपसूक वर येतात. तो ताळा घालायचं काम कुणाचं, भूमी अभिलेखचं की पंचायतीचं, यावर दोन्हीकडं शांतता असते.

नोंदीचा दुसरा शत्रू फॉन्ट. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेनं, कष्टानं एक्सेलमध्ये चढवलेल्या याद्या श्रीलिपीत, कृतीदेवमध्ये नाहीतर सुरेखमध्ये आहेत. त्या फॉन्टांत मराठी अक्षर हे इंग्रजी अक्षराच्या अंगावर चढवलेलं सोंग असतं. संगणक बदलला, फॉन्ट नवीन यंत्रावर नाही, की पडद्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी. फॉन्ट असला तरी "शिंदे" असं युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडं चालणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये, टाइप करून शोधलं तर सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथं शिंदे नाहीतच. रूपांतराची साधनं फुकट मिळतात, पण रफार, "ऱ्या", "क्ष", "ज्ञ" आणि पोटफोड्या "ष" यांच्यापाशी ती हमखास घसरतात. म्हणून रूपांतर झालं की जुनी फाइल पुसायची नाही. नावाच्या रकान्याची वर्णक्रमानं मांडणी करायची. बिघडलेली नावं आपोआप वर किंवा तळाला गोळा होतात, तेवढीच हातानं दुरुस्त करायची. सहाशे नोंदींना दोन दिवस पुरतात. फाइल साठवताना यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) निवडायचं विसरलं तर ते दोन दिवसही वाया.

नावांचा प्रश्न त्याहून अवघड, कारण तो आपला आहे. आपल्या जुन्या नोंदींत आडनाव असेलच असं नाही. "कमलबाई भ्र. मारुती", "ज्ञानोबा पि. तुकाराम"; भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा, आणि पि. म्हणजे पिता. फॉर्ममध्ये तीन रकाने: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. घाईत नोंदवणाऱ्यानं "भ्र." मधल्या रकान्यात टाकलं आणि मारुतीला आडनाव केलं. त्याच कमलबाई रेशनकार्डावर एका नावानं, आधारवर दुसऱ्या, घरपट्टीला तिसऱ्या. ज्ञानोबाचा कुठं ग्यानबा होतो, महंमदचा मोहम्मद, नुसता "मो." किंवा "मोहंमद". संगणकाला हे चार वेगळे इसम. अनुदान अडतं तेव्हा लोक म्हणतात "ऑनलाइनला नाव जुळंना". नोंदवहीत मूळ नाव जसंच्या तसं ठेवणारा एक रकाना आणि आधारप्रमाणे लिहिलेल्या नावाचा दुसरा, असे दोन रकाने ठेवले, तर निम्मे हेलपाटे वाचतील. दुरुस्ती म्हणून जुनं नाव पुसलं, की वारसाच्या वेळी पुरावा गेला.

नावावर विसंबण्याचा धडा मराठवाड्याला २०२३ च्या सप्टेंबरात एकदम मोठ्या प्रमाणावर मिळाला. औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. ज्यांनी तक्त्यांत जिल्ह्याचं नाव हीच ओळख धरली होती, त्यांच्या अहवालांत एकाच जिल्ह्याच्या दोन ओळी व्हायला लागल्या. मागच्या वर्षाचा जिल्हा वेगळा, यंदाचा वेगळा, आणि तुलना करायला गेलं की एकात शून्य. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, ग्रामपंचायतीला, गावाला एक कोड दिलेला आहे. नाव बदललं तरी कोड बदलत नाही. ज्यांच्या तक्त्यात तो कोड होता त्यांना नामांतरानं काही फरक पडला नाही. पिंपळगाव, वडगाव, टाकळी तर दर तालुक्यात दोन-तीन; इंग्रजीत लिहिताना एकाच गावाची तीन स्पेलिंगं. पंचायत समितीत पाणीटंचाईचा तक्ता एका टेबलवर, घरकुलाचा दुसऱ्या, रोजगार हमीचा तिसऱ्या. तिन्हींत पहिला रकाना कोडचा असला तर तीन तक्ते पाच मिनिटांत एकत्र येतात. नसला तर दोन कारकून दोन दिवस गावांची नावं जुळवत बसतात, आणि चौथ्या दिवशी वरून नवा नमुना येतो. या कामाला रुपयाही लागत नाही. कदाचित म्हणूनच ते होत नसावं.

जुन्या दप्तराकडं आलं की मन जरा द्विधा होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायचं काम मराठवाडाभर सुरू झालं. खासरा पत्रं, कोतवाल बुकं म्हणजे गाव नमुना १४, शाळांचे प्रवेश-निर्गम, पाहणी पत्रकं. वर्षानुवर्षं न सुटलेल्या बस्त्यांच्या गाठी सुटल्या, रेकॉर्ड रूममधल्या धुळीनं कारकून शिंकत राहिले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या चार म्हाताऱ्या माणसांना एकदम मान आला. सापडलेली पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय चढली. एवढी यंत्रणा, एवढी माणसं एका वेळी दप्तराकडं वळली, हे पुन्हा केव्हा होईल सांगता येत नाही. पण जिथं फक्त एक शब्द शोधत पान उलटलं गेलं, तिथं त्याच पानावरचं बाकीचं पुन्हा अंधारात गेलं. जन्म, मृत्यू, जमिनीची वहिवाट, गावचं जुनं नाव. पान एकदा हातात घ्यायची मेहनत झालीच होती. त्याच फेरीत चार रकान्यांची सूची झाली असती, तर पुढच्या पन्नास कामांना ती उपयोगी पडली असती.

स्कॅनिंगची किंमत सूचीशिवाय फारशी नाही, हे ठेकेदाराला कुणी सांगत नाही, कारण देयक पानांवर निघतं. आपली जुनी रजिस्टरं ए-फोरपेक्षा मोठी, शिवण घट्ट. सपाट स्कॅनरवर दाबली की पाठ मोडते. वरून फोटो घेणारा स्कॅनर लागतो. तीनशे डीपीआय पुरे, पण काळं-पांढरं नको, निदान करड्या छटांत हवं. फिकट झालेली तपकिरी शाई काळ्या-पांढऱ्यात सरळ नाहीशी होते आणि मूळ पान जीर्ण म्हणून बांधून ठेवलं की कायमची जाते. फाइलला नाव देताना गावाचा कोड, रजिस्टरचा प्रकार, साल, पान क्रमांक; "स्कॅन००१" नव्हे. आणि साल लिहिताना सावध राहावं. हैदराबाद संस्थानातले कागद फसली सनाचे, म्हणजे तिथल्या महसुली कालगणनेचे. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, पण फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यानं सुरू होत असल्यानं १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही. १३३९ फसलीतली तारीख दिली तर ती ते नुसती अक्षरं म्हणून ठेवतं. तेव्हा मूळ फसली तारीख जशीच्या तशी अक्षरांत एका रकान्यात, आणि इसवी वर्ष आकड्यात दुसऱ्या रकान्यात. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की पुढं वर्षानं चाळता येत नाही. मोडी-उर्दू वाचकाला पानामागं मिळणारा दर स्कॅनिंगच्या दराहून जास्त असला पाहिजे, हे मान्य करायला कार्यालयांना जड जातं. यंत्रानं केलेल्या कामाला दर असतो, वाचण्याला नसतो, अशी आपली समजूत.

टँकरचं उदाहरण मात्र वेगळं आहे, आणि तिथं मला तंत्रज्ञानाचा पैसा वसूल झालेला दिसतो. टंचाईत माणशी वीस लिटरच्या हिशोबानं खेपा ठरतात. टँकरला जीपीएस असतं, आणि लॉगबुकवर गावातल्या बायांच्या सह्या असतात. जीपीएस सांगतं की टँकर गावात गेला. पाणी विहिरीत सोडलं की वाटेतल्या मळ्यात, ते जीपीएस सांगत नाही. टँकर रिकामा पाठवला तरी नकाशावरची रेघ तीच. सही सांगते की पाणी पडलं, पण सही आठवड्याची एकदम घेता येते. दोन्ही समोरासमोर ठेवली की लबाडी अवघड होते. खेप नोंदवलेली वेळ आणि टँकर गावात थांबलेला वेळ जुळतो का. बारा हजार लिटर खाली व्हायला लागतो तेवढा वेळ तो थांबला का. पाणी भरतात त्या उद्भवावर, म्हणजे विहिरीवर किंवा तलावावर, त्याआधी उभा होता का. एवढं बघणारा एक कारकून तालुक्याला असला की पुरे. जिथं असा माणूस नसतो तिथं जीपीएसचं भाडं हा टँकरच्या खर्चात आणखी एक खर्च. रोजगार हमीच्या हजेरीतही हेच दिसलं. १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून सगळ्या कामांवर मोबाइलवरून दिवसाला दोन फोटोंची हजेरी सक्तीची झाली, आणि फोटोचाच फोटो काढून चढवण्याची युक्ती निघाली. फोटो बघणारं कुणी नसेल तर फोटोला अर्थ नाही. उन्हात नेटवर्कसाठी टेकडी चढणाऱ्या रोजगार सेवकाचे पाय तेवढे दुखतात.

सह्यांच्या चाव्यांबद्दल थोडक्यात. २४ एप्रिल २०२० ला ई-ग्रामस्वराज सुरू झालं आणि वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्यांनी थेट पुरवठादाराच्या खात्यात जायला लागले. चेकबुक सांभाळणारी माणसं डिजिटल सही साठवलेलं यूएसबी टोकन मात्र बेफिकीर ठेवतात. दोन्ही टोकनं एकाच ड्रॉवरमध्ये, पिन चिठ्ठीवर, चिठ्ठी टोकनाला रबरानं बांधलेली. काही ठिकाणी तर ती ठेकेदाराच्या पाकिटात फिरतात. दोन सह्यांचा नियम ज्यासाठी केला तोच तिथं संपतो. दुसरं म्हणजे या सह्यांची मुदत साधारण दोन वर्षं. ती नेमकी मार्चमध्ये संपली की वर्षअखेरीचा निधी अडकतो. डिसेंबरातच तारखा बघाव्यात. या प्रणालीची उलट बाजू चांगली आहे. पंचायतीनं कुणाला किती दिले ते कुणालाही पाहता येतं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एखाद्या पोरानं मोबाइलवरून मागच्या सहा महिन्यांची व्हाउचरं मोठ्यानं वाचली, तर त्या प्रणालीवर सरकारनं केलेला खर्च त्या एका तासात त्या गावापुरता फिटतो.

नगर परिषदांचं दुखणं थोडं वेगळं. तिथं मालमत्ता कराचं, पाणीपट्टीचं सॉफ्टवेअर ठेकेदाराचं असतं आणि नोंदीही त्याच्याच सर्व्हरवर. ठेका संपतो, नवा येतो, जुना म्हणतो "डेटा काढून द्यायचे वेगळे पैसे". करारातच लिहावं लागतं: दर महिन्याला सगळ्या तक्त्यांची युनिकोडमधली साधी प्रत परिषदेच्या ताब्यात, सोबत कुठल्या रकान्यात काय आहे याची यादी, आणि शेवटचे दहा टक्के देयक हस्तांतरण झाल्यावरच. देखभालीच्या करारात "त्वरित सेवा" असा शब्द असला तर त्याचा अर्थ ठेकेदार लावतो. तक्रार नोंदवल्यापासून ४८ तास, आणि त्यापुढं दर दिवसाला दंड, असा आकडा हवा. मुख्याधिकारी बदलतात, लेखापाल बदलतात, ठेकेदार टिकतो. म्हणून हे कागदावर.

आणि ग्रामपंचायतीत मे महिन्यात बदल्या होतात. ग्रामसेवक चार्ज देतो. कपाटं, खुर्च्या, शिक्के, पावतीपुस्तकांचे क्रमांक, रोकड, सगळं यादीत येतं. पोर्टलची लॉगिनं, टोकनांच्या मुदतीच्या तारखा, नमुना ८ ची शेवटची प्रत कुठल्या डिस्कवर आहे, फॉन्ट कोणता आणि परिचालकाचं किती महिन्यांचं मानधन बाकी आहे, हे त्या यादीत नसतं. जिल्हा परिषदेनं चार्ज यादीच्या छापील नमुन्यात या पाच ओळी वाढवाव्यात. सह्या होण्याआधी नव्यानं येणाऱ्यानं ती डिस्क स्वतः दुसऱ्या यंत्राला लावावी, गावातलं कुठलंही एक नाव सांगावं आणि ते शोधून दाखवायला लावावं. सापडलं नाही तर त्या कागदावर "चार्ज अपूर्ण" असा शेरा मारून गटविकास अधिकाऱ्यांकडं पाठवावा.